त्याचा काही नेम नाही

सोफ्यावर बसून फेकलेला चेंडू आजवर एकदाही चुकलेला नाही. हा शोध माझा आहे. तो मी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाला, बफेलो नावाच्या बर्फाच्या गोदामात लावला. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या लोकांना उंचच उंच इमारती आठवतात. त्या इथून सहाशे किलोमीटरवर. बफेलोला नायगारा जवळ, कोंबडीचे तिखटजाळ पंख खायला, आणि बिल्स नावाचा फुटबॉलचा संघ रडायला. नायगाऱ्यावर आमच्या सोसायटीतल्या तीन जणांनी आधीच लिहून ठेवलं आहे, तेव्हा त्या पाण्याला मी हात लावत नाही. मला बोलायचं आहे ते एका चेंडू फेकणाऱ्या पोराबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्या पोराबद्दल बोलणाऱ्यांबद्दल.

लेकीकडे मी २०१८ च्या आणि २०१९ च्या हिवाळ्यात, असे लागोपाठ दोन हंगाम काढले. दर रविवारी दुपारी एक वाजता जावयाच्या तळघरात मंडळी जमत. एक दंतवैद्य, दोघे संगणकवाले, एक विमा कंपनीतले आकडेमोडे, आणि आमचे जावईबापू. सगळी आपली माणसं. चिवडा आमच्या घरचा, पंख बाहेरून. समोर टेबल टेनिसच्या टेबलाएवढा टीव्ही. आणि चार तास एकच विषय : ह्या पोराला चेंडू फेकता येतो की नाही?

आता ह्या खेळाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण नावात फूट असली तरी पायाचा संबंध तोंडी लावण्यापुरता आहे. चेंडू गोल नाही. सोललेल्या नारळाला दोन्हीकडून टोक काढावं तसा, वजनाला चारशे ग्रॅमच्या आसपास. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की आणखी चार प्रयत्न. ह्या सगळ्याचा कारभारी म्हणजे क्वार्टरबॅक. त्याची अवस्था लग्नघरातल्या मुलीच्या बापासारखी असते. सगळं त्याच्या हातून व्हायचं आणि आमटी खारट झाली तरी त्याच्याच नावाने. चेंडू हातात आला की त्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे चार-पाच गृहस्थ त्याला जमीनदोस्त करायला निघालेले असतात, त्याचे स्वतःचे पाच गृहस्थ त्यांना थोपवत असतात, आणि ज्यांना चेंडू द्यायचा ते झेलकरी लांब कुठेतरी पळत असतात. चेंडू ते जिथे आहेत तिथे फेकून उपयोग नाही. ते जिथे पोचणार आहेत तिथे फेकायचा. पाहुणा गाडीतून उतरायच्या आत टांगा स्टेशनच्या दारात हजर पाहिजे, तसं. आणि टांगेवाल्याला कुणीतरी मागून ढकलतं आहे, हेही धरा.

तर शंभर वेळा चेंडू फेकला आणि त्यातला किती वेळा आपल्याच माणसाने झेलला, ती क्वार्टरबॅकची टक्केवारी. सगळं महाभारत ह्या आकड्यावर.

पोराचं नाव जॉश अ‍ॅलन. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या कॉलेजाला तो नको होता. एका छोट्या कॉलेजात वर्ष काढून त्याने देशभरच्या प्रशिक्षकांना ई-मेलवर अर्ज पाठवले, आणि शेवटी वायोमिंगने त्याला घेतलं. तिथे त्याची टक्केवारी छप्पन्न. हात मात्र असा की चेंडू सोडला की तोफेतून सुटल्यासारखा जायचा. कुठे जायचा, हा प्रश्न वेगळा. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये बिल्सनी वरची पाळी मिळवून त्याला सातव्या क्रमांकावर उचललं. (ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातली पोरं वाटून घेण्याचा कार्यक्रम. त्यात मागच्या वर्षी सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड करू देतात. नापास झालेल्याला पहिल्या बाकावर बसवण्याची ही पद्धत मला फार आवडली.) त्या दिवसापासून एक वाक्य सगळ्या अमेरिकेत फिरत होतं : हात आहे, पण नेम नाही. आणि त्याला जोडून दुसरं : नेम हा शिकवून येत नसतो.

पहिल्या हंगामात ह्या पोराने बारा सामने खेळून १० टचडाउन फेकले, १२ चेंडू शत्रूच्या हातात दिले, आणि टक्केवारी आली ५२.८.

तळघरात त्या आकड्याने जो हाहाकार झाला तो ऐकण्यासारखा होता. "बावन्न पूर्णांक आठ!" आकडेमोडे दर रविवारी असं म्हणायचे, की घरात मुलाचा निकाल लागला आहे आणि आई आत पदर तोंडाला लावून बसली आहे. ह्या देशात येऊन पंचवीस वर्षं झाली, पोरं कॉलेजात गेली, घराचे हप्ते फिटले, तरी आमच्या माणसाच्या डोक्यातला दहावीचा निकाल काही लागून संपत नाही. टक्का दिसला की त्याला बोलता येतं. टक्का नसेल तर तो खेळ नुसता बघावा लागतो, आणि नुसतं बघणं म्हणजे वेळेचा अपव्यय. मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, आमच्या वेळी बावन्नला सेकंड क्लास म्हणत आणि पेढे वाटत." त्यावर दंतवैद्य दयाळूपणे हसले. रुग्णाला दाढ काढायची आहे हे सांगण्यापूर्वी हसतात, तसे.

आता ह्या टक्केवारीकडे जरा जवळून बघू. झेलकऱ्याच्या दोन्ही तळहातांवर अलगद ठेवलेला चेंडू त्या गृहस्थाने सोडला, तर चूक कुणाची? हिशेबात फेकणाऱ्याची. समोरून डोंगर अंगावर येतो आहे, कुणी मोकळं नाही, म्हणून शहाणपणाने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला, तर? चुकलेली फेक. घड्याळ थांबवण्यासाठी नियमानेच चेंडू जमिनीवर आपटला, तर? तीही चुकलेली फेक. उलट बाजूला, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दोन यार्डांवरून चेंडू दिला, तर तो शंभर टक्के यशस्वी. आणि चाळीस यार्डांवरून, पळत्या माणसाच्या उजव्या खांद्यावरून, दोन रखवालदारांच्या मधून टाकलेला चेंडू बोटाला लागून निसटला तर शून्य. म्हणजे भाजी आणायला कोपऱ्यावर जाऊन येणारा आणि एव्हरेस्टवरून शंभर पावलं अलीकडून परतलेला ह्या दोघांत पहिला मोठा गिर्यारोहक.

हे मी रागाच्या भरात बोलत नाही. २०१६ साली मिनेसोटाच्या सॅम ब्रॅडफर्डने ७१.६ टक्के फेकी पोचवल्या. तोवर एका हंगामात एवढ्या कुणीच पोचवल्या नव्हत्या. विक्रम. त्या वर्षी त्याच्या संघाने आठ सामने जिंकले, आठ हरले, आणि बाद फेरीच्या दाराशीही पोचला नाही. आणि १९६८ च्या हंगामात न्यूयॉर्क जेट्सच्या जो नेमथची टक्केवारी होती ४९.२. पन्नाससुद्धा नाही! टचडाउन १५, शत्रूला दिलेले चेंडू १७. हा गृहस्थ जानेवारी १९६९ मध्ये सुपर बोल जिंकून आला, सोळा विरुद्ध सात. आमच्या तळघराने त्याला डिसेंबरातच घरी पाठवला असता.

मी ही दोन नावं एका रविवारी टाकली. आकडेमोडे म्हणाले, "काका, तो काळ वेगळा होता." काळ वेगळा असतो हे मला मान्य आहे. पण २०१६ साल काही पेशवाईत मोडत नाही.

तरी टक्केवारीचं मी सोडून दिलं असतं. आकड्याशी माणसाने किती भांडायचं? मला सोडवलं नाही ते दुसरं वाक्य. नेम शिकवून येत नाही. हे वाक्य ज्या ठामपणे म्हटलं जायचं, त्या ठामपणे मी पृथ्वी गोल आहे असंही कधी म्हटलेलं नाही.

इथे माझा अधिकार सांगायला हवा. मी पुण्यात तीस वर्षं टंकलेखनाचा क्लास चालवला. टंकलेखन म्हणजे दुसरं काय हो, नेमच की! न बघता, घाईत, दहा बोटांनी नेमक्या कळीवर टोला. आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक चौथ्या पोराला घरच्यांनी सांगून ठेवलेलं असायचं, की ह्याच्या बोटात नाही. एक मुलगा तर ओळीला तीन चुका करायचा, नियमाने. त्याचा थोरला भाऊ येऊन मला सांगून गेला, "सर, फी वाया घालवू नका, आमच्या घराण्यात कुणाच्याच हाताला वळण नाही." मी आठवडाभर त्या मुलाची बोटं बघितलीच नाहीत. मी त्याची खुर्ची बघितली. खुर्ची बुटकी, त्यामुळे कोपर खाली, त्यामुळे मनगट वाकडं, त्यामुळे करंगळी दर वेळी शेजारच्या कळीवर. त्याच्या बुडाखाली टेलिफोनच्या दोन जाडजूड डिरेक्टऱ्या ठेवल्या. तीन महिन्यांत चुका ओळीला एकावर आल्या, पुढे पानाला दोनावर. तो सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. घराण्याचं वळण डिरेक्टरीच्या उंचीएवढंच होतं.

अ‍ॅलनचं नेमकं हेच झालं. त्याच्या हातात खोट नव्हतीच. त्याची डिरेक्टरी कमी पडत होती. चेंडू फेकायची क्रिया पायातून सुरू होते. पाय रोवायचे, कंबर फिरायची, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट. ही रांग मोडली, एक जण पुढे घुसला, की चेंडू कितीही जोरात जावो, भलतीकडे जातो. संघाच्या सुट्टीत हा पोरगा जॉर्डन पामर नावाच्या, स्वतः क्वार्टरबॅक राहिलेल्या शिक्षकाकडे जायचा. तिथे अंगाच्या हालचाली मोजणारी उपकरणं लावून पाय कधी पडतो, कंबर कधी वळते हे तपासलं, आणि ती रांग पुन्हा लावून घेतली. शेकडो वेळा, हजारो वेळा. ए एस डी एफ, ए एस डी एफ. दुसऱ्या हंगामात, २०१९ मध्ये, टक्केवारी ५८.८. तिसऱ्यात, २०२० मध्ये, ६९.२, टचडाउन ३७, शत्रूला दिलेले चेंडू १०, संघाने सोळातले तेरा सामने जिंकले आणि १९९५ नंतर प्रथमच आपल्या गटात पहिला आला. २०२४ च्या हंगामात तर सगळ्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.

२०२० साली मी पुण्यात होतो. करोनामुळे विमानं बंद. सामना आमच्याकडे रात्री उशिरा लागायचा आणि मी कानटोपी घालून मोबाइलवर बघायचो. जावईबापूंमार्फत आकडेमोड्यांना निरोप पाठवला : एकोणसत्तर पूर्णांक दोन. उलट निरोप आला, की त्याचं श्रेय स्टेफॉन डिग्जला. म्हणजे त्या वर्षी संघाने जो नवा झेलकरी आणला होता, त्याला. आता डिग्ज मोठा खेळाडू यात वाद नाही. त्या हंगामात त्याने १२७ झेल घेतले, लीगमध्ये सर्वांत जास्त. पण तर्क बघा! चेंडू पोचायला लागले तर झेलणारा चांगला म्हणून. मग दोन वर्षांपूर्वी पोचत नव्हते तेव्हा झेलणारे कोण होते, हे कुणी विचारलं होतं का? तेव्हा त्या पोराच्या रक्तातच खोट होती. यश आलं की ते पाच जणांत वाटायचं आणि अपयश आलं की ते एकाच्या नावावर सातबाऱ्यावर चढवायचं, हा हिशेब विमा कंपनीत चालत असेल, माझ्या क्लासात चालला नसता.

कुणी म्हणेल, सगळेच थोडे सुधारतात? नाही, बहुतेक सुधारत नाहीत. मान्य. अ‍ॅलनने केली तेवढी सुधारणा फार थोड्यांच्या वाट्याला येते. पण न सुधारणाऱ्यांना काय मिळालं, तेही बघू. त्याच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर जॉश रोझन नावाचा दुसरा जॉश होता. त्याची फेक पुस्तकात चित्र काढावं अशी, सगळ्यांत तयार पोरगा तोच, असं तेव्हा सांगत. ॲरिझोनाने त्याला घेतलं. पहिल्याच हंगामाच्या मध्यात त्याला शिकवणारा माणूस काढला, हंगाम संपल्यावर मुख्य प्रशिक्षक काढला, आणि पुढच्या वर्षी रोझनलाच काढून मायामीला धाडलं. एक वर्ष! ह्या मुदतीत मी कुणाला शिफ्टची कळसुद्धा नीट दाबायला शिकवलेली नाही. अ‍ॅलनला मात्र ब्रायन डेबॉल नावाचा एकच शिक्षक सलग चार हंगाम मिळाला. चित्रातली फेक असलेला बुडाला आणि नेम नसलेला तरला. ह्याला 'उपजत' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी ह्याला वेळापत्रक म्हणतो.

आणि आता जे सांगायचं आहे त्यासाठी तळघरातला चिवडा जरा बाजूला ठेवावा लागेल.

त्याच ड्राफ्टमध्ये, पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, बत्तिसाव्या क्रमांकावर एक पाचवा क्वार्टरबॅक निवडला गेला. लमार जॅक्सन. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात ती हाइझमन ट्रॉफी त्याने २०१६ सालीच मिळवलेली. त्याच्याबद्दलही तेच म्हणत : नेम नाही. कॉलेजातल्या शेवटच्या वर्षी त्याची टक्केवारी ५९.१. त्याच वर्षी अ‍ॅलनची ५६.३. वाचकांपैकी ज्यांना गणिताची आवड आहे त्यांनी ह्यातला मोठा आकडा कोणता ते ठरवावं. पण अ‍ॅलनबद्दल बोलताना म्हणत, कच्चा आहे, दोन-तीन वर्षं द्यावी लागतील. आणि जॅक्सनबद्दल? त्याने क्वार्टरबॅकचा नाद सोडावा आणि झेलकरी व्हावं. हे सोफ्यावरचं मत नव्हतं. बिल पोलियन, म्हणजे ज्यांनी नव्वदच्या सुमाराचा बफेलोचाच बलाढ्य संघ बांधला ते थोर जाणकार, त्यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे असं म्हटलं. २०१९ मध्ये जॅक्सनने ३६ टचडाउन फेकले, लीगमध्ये सर्वांत जास्त, फक्त सहा चेंडू शत्रूला दिले, आणि एकही मत विरोधात न जाता सर्वोत्तम खेळाडू ठरला. पोलियननी तेव्हा आपलं चुकलं हे जाहीरपणे कबूल केलं. मोठ्या मनाचा माणूस.

अ‍ॅलन गोरा आहे. जॅक्सन काळा आहे. एवढं वाक्य मी तळघरात उच्चारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती आणि सगळ्यांना एकदम त्या जाहिरातीत रस वाटू लागला.

हे काही मी उकरून काढलेलं नाही. १९६८ साली डेन्व्हरकडून मार्लिन ब्रिस्को नावाचा काळा तरुण क्वार्टरबॅक म्हणून खेळला. पहिल्याच हंगामात १४ टचडाउन फेकले, १३ चेंडू शत्रूला दिले, टक्केवारी एक्केचाळीसच्या आसपास. पुढच्या वर्षी त्याला ती जागा मिळाली नाही. तो बफेलोला आला, आणि बफेलोने त्याला झेलकरी केलं. झेलकरी म्हणूनही तो उत्तम निघाला, हा त्याचा गुण; पण चेंडू फेकायची इच्छा त्याने मनातच ठेवली. दोनच वर्षांनी, १९७० साली, पिट्सबर्गने टेरी ब्रॅडशॉ नावाच्या गोऱ्या तरुणाला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्याने पहिल्या हंगामात ६ टचडाउन फेकले आणि २४ चेंडू शत्रूला दिले. टक्केवारी ३८. त्याला कुणी झेलकरी केलं नाही. त्याला पुन्हा पुन्हा खेळवलं, आणि त्याने पिट्सबर्गला चार सुपर बोल जिंकून दिले. ब्रॅडशॉच्या कर्तृत्वाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच, की अडतीसवाल्याला चार वर्षं आणि एक्केचाळीसवाल्याला दुसरी जागा, हे कुठल्या अंकगणितात बसतं?

वॉरन मूनचं पाहा. १९७८ च्या जानेवारीत रोझ बोल नावाचा कॉलेजांचा मोठा सामना त्याने जिंकून दिला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. बारा फेऱ्या, एकही संघ नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनसाठी लागोपाठ पाच वेळा तिथला राष्ट्रीय करंडक जिंकला, तेव्हा कुठे १९८४ मध्ये अमेरिकेने त्याला परत बोलावलं. २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये बसलेला पहिला काळा क्वार्टरबॅक तोच. म्हणजे 'नेम नाही' हे मत कितीतरी वेळा नेमाबद्दल नसायचंच. आपल्याकडे स्थळ नाकारताना 'पत्रिका जुळत नाही' म्हणतात ना? पत्रिकेचं तोंडही बघितलेलं नसतं. दुसरंच काहीतरी बघितलेलं असतं, आणि ते बोलून दाखवायची सोय नसते.

हे ऐकून एक संगणकवाले मला म्हणाले, "काका, आम्ही कुठे रंग बघतो? आम्ही फक्त नंबर बघतो." मी त्यांना म्हटलं, "तुम्ही स्वतः इथे पहिल्या मुलाखतीला गेलात तेव्हा तुमचे नंबर काय होते आणि समोरच्यांनी काय बघितलं होतं?" ते म्हणाले, "ॲक्सेंट." आणि मग बराच वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत बसले.

आपल्या माणसांनी तरी ह्या बाबतीत जरा जपून बोलावं असं मला वाटतं. ज्याला परक्या देशात प्रत्येक दारात 'कच्चा आहे, बघू' ऐकावं लागलं, त्याने बावीस वर्षांच्या पोराला 'ह्याचं काही होणार नाही' म्हणण्यापूर्वी निदान पाणी तरी प्यावं. बावीस! त्या वयात ह्या मंडळींतल्या एकालाही स्वतःचा सदरा इस्त्री करता येत नव्हता. दंतवैद्यांनी पहिली दाढ कुणाची काढली आणि ती दुखत होती तीच होती का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्या दिवशी दवाखान्यात सत्तर हजार माणसं तिकीट काढून बसली नव्हती, एवढं मात्र नक्की.

खरे प्रेक्षक मला तळघरात भेटले नाहीत, कुंपणापलीकडे भेटले. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतो. गोरा, माझ्याच वयाचा. फावड्याने बर्फ उपसताना आमची दोस्ती झाली. मी उपसत नव्हतो, मी बघत होतो. हा माणूस तरुणपणापासून बिल्सचे सामने उघड्या मैदानात, थंडीत कुडकुडत बघत आला आहे. ह्या संघाने लागोपाठ चार वर्षं, १९९१ ते १९९४, सुपर बोल हरून दाखवला आणि नंतर सतरा वर्षं बाद फेरीचं तोंड पाहिलं नाही. एवढं सोसलेल्या माणसाच्या तोंडी किती कडवटपणा असायला हवा! २०१८ साली मी त्याला विचारलं, हा नवा पोरगा कसा वाटतो? तो फावडं टेकवून म्हणाला, "वेळ लागेल. हिवाळा मोठा आहे."

त्यानेच मला १९९१ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षीचा सुपर बोल बिल्स एका गुणाने हरले, वीस विरुद्ध एकोणीस. शेवटच्या काही सेकंदांत स्कॉट नॉरवूड नावाच्या खेळाडूने सत्तेचाळीस यार्डांवरून चेंडू खांबांच्या मधून मारायचा होता. ह्या खेळात पायाचं काम क्वचितच निघतं, ते नेमकं तेव्हा निघालं, आणि चेंडू उजव्या खांबाबाहेरून गेला. दुसऱ्या दिवशी संघ बफेलोला परतला. नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो माणसं थंडीत जमली होती. कशाला? दगड मारायला नाही. जमाव ओरडायला लागला, "आम्हाला स्कॉट पाहिजे! आम्हाला स्कॉट पाहिजे!" तो मागे कुठेतरी उभा होता, त्याला पुढे आणलं, आणि ज्याचा नेम चुकला त्याच्यासाठी गावाने एवढ्या टाळ्या वाजवल्या की त्याला नीट बोलता येईना. आमचा पोस्टमन त्या गर्दीत होता. हे सांगताना त्याने नाक पुसलं आणि थंडीला दोष दिला.

२०२२ मध्ये मी पुन्हा बफेलोला गेलो तेव्हा ही गोष्ट तळघरात सांगितली. तोवर सगळ्यांच्या अंगात अ‍ॅलनचे सतरा नंबरचे निळे सदरे आले होते, आणि आपण २०१८ सालीच 'हात आहे' असं म्हटलं होतं ह्याची प्रत्येकाला पक्की आठवण होती. गोष्ट संपल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. दंतवैद्यांनी चष्मा काढला. जावईबापू म्हणाले, "बाबा, हे आम्हाला माहीतच नव्हतं." आकडेमोड्यांनी लॅपटॉप उघडला आणि ते नॉरवूडची चाळीस यार्डांपलीकडची टक्केवारी शोधायला लागले.